विजेच्या उपचाराविषयीं रुग्णांची साक्ष

१

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें रुमालांत बांधलेलीं पत्रें, सनदा, निवाडपत्रें, महजर, कैफियती आणि बखरी उभ्या राहतात. या साधनांची प्रतवारी कशी लावावी, हें राजवाड्यांच्या काळापासून आपणांस चांगलें अवगत झालें आहे. घटना घडत असतां ती घडविणाऱ्याच्या किंवा भोगणाऱ्याच्या हातून उतरलेला अस्सल कागद हा पहिल्या प्रतीचा. मागाहून आठवणीवरून किंवा ऐकीव माहितीवरून रचलेली बखर दुसऱ्या प्रतीची. आणि एकाच पक्षाचे कागद हातीं असतां वादाचा निकाल देऊं नये, हा तर या शास्त्राचा पहिला पाठ होय. प्रस्तुत लेखांत हीच कसोटी आम्ही एका निराळ्या विषयाला लावून पाहणार आहों. तो विषय म्हणजे मानसिक रोगांवर विजेचा झटका देऊन करावयाचा उपचार, आणि त्याविषयीं तो उपचार ज्यांच्या अंगावरून गेला त्या रुग्णांचें मत.

वैद्यकाच्या ग्रंथांत या उपचारास विद्युत्-आघातचिकित्सा असें भारदस्त नांव आहे. लोकांच्या बोलण्यांत तो नुसता ‘शॉक देणें’ एवढाच असतो. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘त्याला ठाण्याला नेऊन ठेवा’ अशी जी थट्टा आपल्याकडे सहज केली जाते, तिच्या पोटीं या इस्पितळांच्या भिंतीआड काय चालत असेल याविषयींची भीति आहे, आणि त्या भीतींत विजेच्या झटक्याचा वाटा लहान नाहीं, असें आम्हांस वाटतें. हा उपचार गुणकारी कीं घातक, हा प्रश्न वैद्यांचा आहे व तो त्यांनींच सोडवावा. आमचा प्रश्न निराळा आहे. रुग्णांस काय वाटलें हें कोणत्या कागदावरून कळतें, तो कागद कोणी व केव्हां लिहिला, आणि त्यावर कितपत विसंबावें? या प्रश्नाचें महत्त्व केवळ जिज्ञासेपुरतें नाहीं. कारण त्याच्या उत्तरावर कायदे झाले आहेत, निवाडे झाले आहेत, आणि आजहि कोणाच्या तरी संमतिपत्रावर सही घेतांना तोच प्रश्न उभा राहतो.

२

प्रथम उपचाराचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत देतों. १९३४ सालीं बुडापेस्ट येथें लाडिस्लाउस मेडुना या वैद्यानें कापराचें द्रावण टोंचून रुग्णांस मुद्दाम आकडी आणण्याचा प्रयोग सुरू केला. फेफरें आणि छिन्नमनस्कता या दोन व्याधि एकमेकींस मारक आहेत, अशी त्याची कल्पना होती. पुढें ती कल्पना टिकली नाहीं, परंतु उपचार टिकला. कापराची जागा लवकरच कार्डियाझोल या औषधानें घेतली. या औषधांत एक मोठी अडचण होती. तें टोंचल्यापासून आकडी येईपर्यंत जे कांहीं क्षण जात, तेवढ्यांत रुग्ण पूर्ण शुद्धीवर असे व आतां आपण मरणार असा विलक्षण धाक त्याच्या मनांत उत्पन्न होई. एकदां हा अनुभव घेतलेले रुग्ण दुसऱ्या वेळीं सुई पाहतांच प्रतिकार करीत. या उपचारांविषयीं रुग्णांचें मत वैद्यांच्या टिपणांत शिरलें तें प्रथम या वाटेनें, म्हणजे नकाराच्या रूपानें.

विजेनें आकडी आणण्याची कल्पना रोम येथील प्राध्यापक उगो चेर्लेत्ती याची. यंत्र सिद्ध केलें तें त्याचा सहायक लुचो बीनी यानें. विजेचा प्रवाह लागतांच रुग्णाची शुद्ध तत्काळ हरपते, त्यामुळें मधल्या धाकाचे क्षण उरत नाहींत, हा या रीतीचा मोठा गुण मानला गेला. १९३८ च्या एप्रिलांत पहिला प्रयोग झाला आणि २८ मे १९३८ रोजीं त्याची हकीकत रोमच्या वैद्यक-परिषदेपुढें मांडण्यांत आली.

३

पहिल्या प्रयोगाची हकीकत साधनचिकित्सेच्या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. रुग्णाचें नांव ग्रंथांत केवळ ‘एस. ई.’ एवढेंच येतें. वय ३९, धंद्यानें इंजिनिअर, राहणारा मिलानचा. रोमच्या रेल्वे-स्थानकांत तिकिटावांचून भटकत असतां पोलिसांनीं त्याला धरून इस्पितळांत पाठविलें. तो स्वतः बनविलेल्या, कोणास न समजणाऱ्या शब्दांत बोलत असे.

आतां तारीख पाहूं. चेर्लेत्तीनें मागाहून लिहिलेल्या हकीकतींत पोलिसांचें पत्र उतरून घेतलें आहे व त्यावर १५ एप्रिल १९३८ ही तारीख आहे. उलट बीनीच्या टिपणांवरून पहिला प्रयोग ११ एप्रिल रोजीं झाला असें अभ्यासक मानतात. रुग्ण इस्पितळांत पाठविल्याचें पत्र १५ तारखेचें आणि त्याच्यावरील उपचार ११ तारखेचा, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूं शकत नाहींत. बीनीचें टिपण प्रयोगाच्या वेळचें, तर चेर्लेत्तीची विस्तृत हकीकत १९५० नंतर छापलेली. तेव्हां आपल्या नेहमींच्या नियमाप्रमाणें बीनीच्या बाजूला झुकतें माप द्यावें लागतें.

तारखेपेक्षां महत्त्वाचा पाठभेद रुग्णाच्या शब्दांचा आहे. पहिला झटका कमी पडला, आकडी आली नाहीं. रुग्ण मोठ्यानें गाऊं लागला व मग गप्प झाला. पुन्हां झटका द्यावा कीं नाहीं याची वैद्यांत चर्चा चालू असतां, आतांपर्यंत अगम्य बोलणारा तो मनुष्य एकदम स्वच्छ भाषेंत बोलला. चेर्लेत्तीच्या लेखाप्रमाणें, दुसरा नको, तो जीवघेणा आहे, अशा अर्थाचे ते शब्द होते. त्या खोलींत हजर असलेला दुसरा वैद्य फेर्दिनांदो आकोर्नेरो यानें आपली आठवण १९७० सालीं प्रसिद्ध केली. तींत पहिला झटका त्रासदायक आणि दुसरा प्राणघातक, अशी तुलना रुग्णाच्या तोंडीं आहे. शब्द निराळे, आशय एकच. दोन साक्षीदार परस्परांपासून वीस वर्षांच्या अंतरानें लिहीत असतांहि ज्या अंशीं जुळतात, तो अंश आम्ही विश्वसनीय मानतों. रुग्णानें नकार दिला होता, आणि तो नकार समजेल अशा भाषेंत दिला होता, एवढें निश्चित. या शब्दांनीं आपला निश्चय डळमळला, असें स्वतः चेर्लेत्तीनें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें आहे. तरीहि दुसरा झटका देण्यांत आला व आकडी आली. शुद्धीवर आल्यावर तुला काय झालें असें विचारतां, ठाऊक नाहीं, कदाचित् झोंप लागली असेल, असें उत्तर त्यानें दिल्याची नोंद आहे.

एकंदर ११ पूर्ण व ३ अपुरे झटके देऊन त्याला बरा म्हणून घरीं पाठविण्यांत आलें. हकीकत बहुधा येथेंच थांबविली जाते. परंतु १९६० सालीं इंपास्टाटो या वैद्यानें जो मजकूर प्रसिद्ध केला, त्यांत रुग्णाच्या पत्नीच्या पत्राचा आधार आहे. त्यावरून तो घरीं गेल्यानंतर तीनएक महिन्यांनीं जुनीं लक्षणें पुन्हां दिसूं लागलीं, असें कळतें. म्हणजे वैद्याच्या दप्तरांत ‘बरा’ आणि घरच्या पत्रांत ‘पुन्हां आजारी’, अशा दोन नोंदी आहेत. दोन्ही आपापल्या दिवसापुरत्या खऱ्या आहेत. मात्र या सर्व प्रकरणांत रुग्णाचें म्हणणें आपणांपर्यंत पोंचतें तें दुसऱ्याच्या लेखणींतून, हें विसरतां कामा नये.

४

रुग्णाच्या हातचे कागद पाहावयाचे तर फ्रान्सकडे वळलें पाहिजे. कवि व नाट्यविचारक आंतोनॅं आर्तो हा १९४३ ते १९४६ पर्यंत रोदेझच्या इस्पितळांत होता. तेथें जून १९४३ पासून त्याला विजेचे झटके सुरू झाले; एकंदर संख्या पन्नासांहून अधिक होती. आरंभींच्या एका झटक्यांत त्याच्या पाठीच्या कण्याचा मणका मोडला. या काळांतील त्याचीं पत्रें व वह्या उपलब्ध आहेत. हा उपचार थांबवावा, यानें माझी स्मृति जाते व विचार बधिर होतो, अशी विनवणी त्यानें जानेवारी १९४५ मध्यें आपल्यावर उपचार करणाऱ्या वैद्यासच लिहिलेल्या पत्रांत आहे. उलट मुख्य वैद्य गास्तों फेर्दिएर याचें म्हणणें असें कीं, उपचारामुळेंच आर्तो पुन्हां लिहूं व चित्रें काढूं लागला. आर्तोनें रोदेझ येथें पुन्हां लेखन आरंभिलें हें वह्यांवरून सिद्धच आहे. परंतु तें उपचारामुळें कीं उपचार सोसूनहि, याचा निर्णय वह्यांवरून होत नाहीं. येथें एवढें मात्र साधतें कीं दोन्ही पक्षांचे कागद समोर आहेत, आणि रुग्णाचा कागद समकालीन आहे.

अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे याचें उदाहरण याच्या अगदीं उलट आहे. १९६० च्या अखेरीस व पुन्हां १९६१ च्या वसंतांत त्याच्यावर हा उपचार झाला. २ जुलै १९६१ रोजीं त्यानें आत्महत्या केली. उपचारानें माझें स्मृतीचें भांडवलच नष्ट केलें, अशा अर्थाचें त्याचें एक वाक्य सर्वत्र फिरत असतें. त्याचा मूळ आधार शोधूं गेलें तर तो त्याचा मित्र हॉचनर याच्या १९६६ सालच्या आठवणींच्या पुस्तकापाशीं येऊन थांबतो. वाक्य खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं; तें बखरींतलें आहे, दप्तरांतलें नाहीं, एवढेंच दाखवावयाचें आहे.

आत्मचरित्रांची गोष्ट आणखी निराळी. न्यूझीलंडची लेखिका जॅनेट फ्रेम हिनें तरुणपणीं दोनशेंहून अधिक झटके सोसल्याचें लिहिलें आहे. तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याचेंहि ठरलें होतें, पण तिच्या पहिल्या कथासंग्रहास पारितोषिक मिळाल्याची वार्ता आल्यानें ती टळली. तिच्या लेखनांत झटक्याच्या सकाळींची दहशत आहे. याउलट कॅनडांतील मानसशास्त्राचा प्राध्यापक नॉर्मन एंडलर यानें १९८२ सालीं आपल्या विषण्णतेच्या आजाराचें पुस्तक लिहिलें व या उपचारानें आपण सावरलों असें कृतज्ञतेनें नमूद केलें. फ्रेम खोटी कीं एंडलर खोटा? आमच्या मतें दोघेहि खरीं. फ्रेमवरील उपचार विसाव्या शतकाच्या पांचव्या-सहाव्या दशकांतील, एंडलरवरील १९७७ च्या सुमाराचा. आरंभीं हा झटका भूल न देतां दिला जाई आणि स्नायूंच्या जोराच्या आचक्यांनीं हाडें मोडत. १९४० सालीं अमेरिकेंत बेनेट यानें क्युरारे वापरून स्नायू सैल करण्याचा मार्ग दाखविला, आणि १९५१-५२ नंतर त्याहून निर्धोक औषध प्रचारांत येऊन भूल देऊनच उपचार करण्याची पद्धति हळूहळू रूढ झाली. जुन्या कागदांत ‘बिघा’ हा शब्द आढळला म्हणजे तो कोणत्या प्रांतांतला व कोणत्या काळचा हें ठरविल्यावांचून आपण जमिनीचें माप काढीत नाहीं. त्याचप्रमाणें ‘शॉक’ हा शब्द आढळतांच तो कोणत्या सालचा, भूल देऊन कीं न देतां, एवढें तरी प्रथम विचारलें पाहिजे.

५

निवाडपत्रांत रुग्णाची बाजू कशी उतरते, याचें प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडांतील बोलॅम खटल्याचें आहे. फिर्यादीस १९५४ सालीं स्नायू सैल करण्याचें औषध न देतां झटका देण्यांत आला व त्याच्या कमरेच्या सांध्यांचीं हाडें मोडलीं. धोक्याची सूचना आपणांस दिली नव्हती, ही त्याची एक मुख्य तक्रार होती. त्या काळीं असें औषध द्यावें कीं नाहीं व धोका सांगावा कीं नाहीं, याविषयीं वैद्यांतच दोन मतें होतीं. १९५७ सालीं निकाल इस्पितळाच्या बाजूनें लागला, आणि जबाबदार वैद्यांचा एक वर्ग ज्या रीतीस योग्य मानतो त्या रीतीनें वागणाऱ्या वैद्यावर हलगर्जीपणाचा ठपका येत नाहीं, असें तत्त्व त्यांतून निघालें. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००५ सालीं जेकब मॅथ्यू खटल्यांत या तत्त्वाचा स्वीकार केला. धोका सांगण्यापुरतें तें तत्त्व इंग्लंडांत २०१५ सालच्या माँटगोमेरी निकालानें बाजूस सारलें गेलें. वैद्यांच्या प्रघातापेक्षां त्या रुग्णाला काय महत्त्वाचें वाटेल, हें तेथें प्रमाण ठरलें. विजेचा झटका घेतलेल्या एका रुग्णाची ‘मला सांगितलें नाहीं’ ही तक्रार ऐकली जाण्यास इतकीं वर्षें लागलीं.

६

आतां गणनेच्या साधनांकडे येऊं. एकेकट्याची साक्ष अपवादात्मक असूं शकते, म्हणून पुष्कळांस विचारून पाहावें, हा विचार रास्त आहे. एडिंबरो येथें फ्रीमन व केंडेल यांनीं १९७१ व १९७६ या वर्षीं उपचार घेतलेल्या १६६ रुग्णांच्या मुलाखती घेऊन १९८० सालीं त्या प्रसिद्ध केल्या. बहुतेकांनीं उपचाराचा उपयोग झाला असें सांगितलें, आणि पुष्कळांना दांतांच्या डॉक्टरकडे जाणें याहून अधिक नकोसें वाटत होतें. मात्र स्मृतीविषयींची तक्रार ठळक होती. ज्या इस्पितळांत उपचार झाला तेथेंच परत येऊन वैद्याच्या तोंडावर त्याला नांवें ठेवणें रुग्णास अवघड जाईल, हें या लेखकांनीं स्वतःच कबूल केलें आहे. साक्ष घेणाराच एका पक्षाचा असला म्हणजे साक्ष कशी वळते, हें निवाडपत्रांच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

हा वळसा किती मोठा आहे, तें २००३ सालीं लंडन येथील डायना रोझ व त्यांचे सहकारी यांनीं मोजलें. या मंडळींत स्वतः हा उपचार घेतलेलेहि होते. त्यांनीं वैद्यांनीं केलेल्या २६ पाहण्या आणि रुग्णांनीं किंवा त्यांच्या साहाय्यानें केलेल्या ९ पाहण्या शेजारीं ठेवून वाचल्या. वैद्यांनीं, उपचारानंतर लवकर, थोडके प्रश्न विचारून घेतलेल्या पाहण्यांत समाधानाचें प्रमाण अधिक. रुग्णांनीं, इस्पितळाबाहेर, कांहीं काळानें घेतलेल्या पाहण्यांत तें बरेंच कमी. टिकून राहिलेल्या स्मृतिनाशाची तक्रार मात्र निरनिराळ्या पाहण्यांत २९ ते ५५ टक्के लोकांनीं केलेली आढळली. त्याच मंडळींनीं २००५ सालीं असेंहि दाखविलें कीं, संमतिपत्रावर सही असूनहि सुमारें एकतृतीयांश रुग्णांस आपण मोकळेपणानें संमति दिली असें वाटत नव्हतें. सही अस्सल, परंतु संमति संशयास्पद, असा हा प्रकार आहे.

दुसरी बाजू सांगितल्यावांचून हें प्रकरण संपविणें अन्यायाचें होईल. २००३ सालींच ब्रिटनमधील दुसऱ्या एका अभ्यासमंडळानें सर्व प्रयोगांचा आढावा घेऊन, तीव्र विषण्णतेंत हा उपचार नुसत्या सोंगाच्या उपचाराहून निश्चितपणें गुणकारी आहे, निदान अल्प काळ तरी, असा निष्कर्ष काढला. अन्नपाणी सोडून मरणाच्या दारीं गेलेलीं माणसें या उपचारानें परत आलीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांनीं तसें सांगितलेंहि आहे. लाभ व हानि या दोन्ही साक्षी एकाच मनुष्याच्या तोंडीं येऊं शकतात. तेवढ्यानें तो मनुष्य विसंगत ठरत नाहीं.

७

या विषयांत साधनचिकित्सेपुढें एक अडचण अशी येते कीं जिला दुसरीकडे जोड नाहीं. येथें साक्षीदाराची स्मृति हीच वादाची वस्तु आहे. अमुक गोष्ट मला आठवत नाहीं असें रुग्ण म्हणतो, तेव्हां ती त्याला पूर्वीं आठवत होती कीं नाहीं हें कशावरून ठरवावें? आजारामुळेंहि स्मृति मंद होते, आणि तसें उत्तर वैद्य देत आले आहेत. या अडचणीवर उपाय अमेरिकेंतील अर्व्हिंग जॅनिस यानें १९५० सालीं दाखविला. झटके देण्यापूर्वीं त्यानें १९ रुग्णांस त्यांच्या आयुष्यांतील प्रसंग तपशीलवार विचारून लिहून ठेविले, आणि उपचारानंतर सुमारें चार आठवड्यांनीं तेच प्रश्न पुन्हां विचारले. झटके न घेतलेल्या ११ रुग्णांचीहि अशीच दुहेरी नोंद केली. पहिल्या गटांतील लोकांच्या दुसऱ्या कथनांत पहिल्यांतले प्रसंगच्या प्रसंग गळालेले आढळले. दुसऱ्या गटांत तसें झालें नव्हतें. ग्रंथसंपादक जुनी प्रत व नवी प्रत समोरासमोर ठेवून गळालेल्या ओंव्या काढतो, तशीच ही रीत आहे. मूळ प्रत असल्यावांचून गळलेली ओंवी सिद्ध होत नाहीं. रुग्णांची स्मृतीविषयींची तक्रार दीर्घकाळ शंकास्पद राहिली, याचें एक कारण आमच्या मतें हेंच कीं, उपचारापूर्वींची प्रत घेऊन ठेवण्याची तसदी जॅनिसनंतर फारच थोड्यांनीं घेतली.

८

आपल्या देशांत भूल न देतां झटके देण्याची पद्धति विसाव्या शतकाच्या अखेरीनंतरहि कांहीं ठिकाणीं चालू होती. तिच्याविरुद्ध जे आवाज उठले, त्यांत पुण्यांतील बापू ट्रस्टचा आवाज होता. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९५ व्या कलमानें भूल व स्नायू सैल करणारें औषध दिल्यावांचून हा उपचार करण्यास मनाई केली. अल्पवयी रुग्णांवरहि तो करतां येत नाहीं. अपवाद करावयाचा तर पालकाची समजून दिलेली संमति आणि मंडळाची पूर्वपरवानगी लागते. ९४ व्या कलमान्वयें तांतडीचा उपाय म्हणूनहि तो करतां येत नाहीं. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला.

याच कायद्याच्या ५ व्या कलमाकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. आपण पुढें आजारी पडलों तर आपल्यावर कोणता उपचार व्हावा व कोणता होऊं नये, हें शुद्धीवर असतांनाच लिहून ठेवण्याचा हक्क प्रत्येक प्रौढ मनुष्यास त्या कलमानें दिला आहे. रुग्णाच्या स्वतःच्या हातचा, उपचारापूर्वींचा, तारखेसह असलेला असा कागद या विषयाच्या इतिहासांत आजवर दुर्मिळ होता. रोमच्या रेल्वे-स्थानकांत सांपडलेल्या त्या इंजिनिअराजवळ असा कागद असता, तर त्याच्या नकाराला निदान पुरावा तरी राहिला असता.

संग्राहकांस आमची सूचना थोडी आहे. जुन्या घरांच्या माळ्यांवर आणि रद्दींत इस्पितळांतून आलेलीं पत्रें, घरच्यांनीं वैद्यांस लिहिलेलीं उत्तरें, रुग्णांच्या रोजनिशा असतात. घराण्याची अब्रू म्हणून तीं बहुधा प्रथम जाळलीं जातात. असा कागद हातीं आल्यास तो कोणी लिहिला, केव्हां लिहिला, उपचारापूर्वीं कीं नंतर, इस्पितळांत असतां कीं बाहेर, आणि कोण वाचणार या धाकानें लिहिला, एवढ्या गोष्टी टिपून ठेवाव्या. मनुष्याचें व घराण्याचें नांव प्रसिद्ध करूं नये. तें झांकल्यानें साधनाची किंमत कमी होत नाहीं. वैद्यांचीं दप्तरें पुष्कळ आहेत व तीं जपणारे आहेत. दुसऱ्या पक्षाचे कागद अजून गोळा व्हावयाचे आहेत, आणि ते मिळेपर्यंत या वादांत शेवटचा निकाल आम्ही देत नाहीं.